तेवीस वर्षे उशिरा उभी राहिलेली वीरगळ

महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या खेड्यापाड्यांतून हिंडणाऱ्याला देवळाच्या आवारात, वेशीपाशी, कधी एखाद्या वडाच्या पाराला टेकून उभ्या असलेल्या जुन्या शिळा दिसतात. त्यांवर खालच्या चौकटीत शस्त्र घेऊन झुंजणारा योद्धा असतो, मधल्या चौकटीत त्याला स्वर्गाकडे नेणाऱ्या अप्सरा असतात आणि वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करताना दाखविलेला असतो. माथ्यावर चंद्र-सूर्य कोरलेले असतात. हे आकाशस्थ साक्षीदार असेपर्यंत या वीराची कीर्ती राहील, असा त्यांचा अर्थ. या वीरगळी केवळ राजांच्या नाहीत. गावावर दरोडा पडला असता, गाईगुरे पळवून नेली जात असता जो आडवा गेला आणि पडला, त्या सामान्य माणसाच्याही आहेत. त्या उभारणाऱ्या गावकऱ्यांपैकी बहुतेकांना लिहिता-वाचता येत नसेल. परंतु आपल्यासाठी कोण मेला, हे दगडावर कोरून ठेवले पाहिजे, एवढे त्यांना निश्चित कळत होते.

स्वतंत्र भारताला मात्र ते कळण्यास फार वेळ लागला. स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा बोपय्या देवय्या हे १९६५ च्या युद्धात ७ सप्टेंबर रोजी धारातीर्थी पडले. त्यांच्या शौर्याची दखल घेऊन राष्ट्राने त्यांना मरणोत्तर महावीरचक्र दिले ते १९८८ मध्ये. मधल्या तेवीस वर्षांत एक पिढी जन्माला येऊन पदवीधर झाली. त्याहून अधिक बोचणारी गोष्ट अशी, की हे शौर्य भारताला त्याच्या स्वतःच्या दप्तरातून समजलेच नाही. ते समजले पाकिस्तानी वायुदलाच्या सहकार्याने लिहिल्या गेलेल्या एका परकीय लेखकाच्या पुस्तकातून.

सात सप्टेंबरची पहाट

देवय्या कोडगूचे. जनरल करिअप्पा आणि जनरल थिमय्या ज्या मातीने दिले, त्याच मातीत १९३२ साली त्यांचा जन्म झाला. १९५४ मध्ये ते वायुदलात दाखल झाले. युद्ध सुरू झाले तेव्हा ते नव्या वैमानिकांना घडविणारे प्रशिक्षक होते. रणांगणापासून दूर राहण्याची सोय नियमानेच उपलब्ध असलेला हा अधिकारी युद्धकाळात आदमपूरच्या तळावरील 'टायगर्स' या एक क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये रुजू झाला.

दिवस कसोटीचे होते. १ सप्टेंबरला पाकिस्तानी रणगाडे छांब विभागात घुसले आणि त्याच संध्याकाळी संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी वायुदलाच्या वापरास संमती दिली. ६ सप्टेंबरच्या सायंकाळी पाकिस्तानी विमानांनी पठाणकोटवर झडप घालून आपली विमाने जमिनीवरच जाळली. त्या रात्री पठाणकोट, हलवारा आणि आदमपूर या तिन्ही तळांच्या परिसरात छत्रीधारी सैनिक उतरविण्यात आले. या आघाताला उत्तर देणे क्रमप्राप्त होते आणि ते उत्तर शत्रूच्या मर्मस्थानीच द्यायचे ठरले. ते मर्मस्थान म्हणजे सरगोधा, पाकिस्तानी वायुदलाचा सर्वांत बळकट तळ.

आदमपूरहून सरगोधा गाठणे हे 'मिस्टियर' या फ्रेंच बनावटीच्या विमानांच्या पल्ल्याच्या अगदी टोकाचे काम होते. लक्ष्य गाठून परतण्यापुरतेच इंधन. वाटेत लढाई जुंपली तर परतीची शाश्वती नाही. विंग कमांडर ओमप्रकाश तनेजा यांच्या नेतृत्वाखाली बारा विमानांनी ७ सप्टेंबरच्या पहाटे, अंधार असतानाच, झेप घ्यावयाची होती. देवय्या यांचे नाव या बारांत नव्हते. ते राखीव होते. कोणाचे विमान ऐनवेळी नादुरुस्त झाले, तरच त्यांनी जावयाचे होते. तसेच घडले. एक जागा रिकामी झाली आणि देवय्या ती भरून काढण्यासाठी निघाले.

सरगोध्यावर हल्ला करून विमाने माघारी वळली, तेव्हा त्यांना अडविण्यासाठी एक 'स्टारफायटर' आले. अमेरिकेने पाकिस्तानला दिलेले हे विमान ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडत असे. त्याच्याकडे उष्णतेचा माग काढणारी क्षेपणास्त्रे होती. मिस्टियरला सरळ उड्डाणात ध्वनीचा वेगही गाठता येत नसे आणि शस्त्र म्हणावे तर केवळ तोफा. स्टारफायटरचा वैमानिक फ्लाइट लेफ्टनंट अमजद हुसेन याने देवय्या यांच्या विमानाला गाठले आणि गोळ्यांचा मारा केला. विमान जायबंदी झाले. आता हे संपले, असे समजून तो पुढच्या सावजाकडे वळला.

ते संपलेले नव्हते. जखमी विमान, उतरणीला लागलेले इंधन, पाठीशी कोणी नाही आणि समोर दुप्पट वेगाचा वैरी, अशा स्थितीत सुटकेचा प्रयत्न करणे हा कोणत्याही वैमानिकाचा हक्क होता. त्याला कोणी भेकडपणा म्हटले नसते. देवय्या यांनी विमान वळविले ते शत्रूवर. जमिनीलगत झालेल्या त्या झुंजीत स्टारफायटरचा वेग निरुपयोगी ठरला आणि मिस्टियरच्या तोफांनी त्याचा वेध घेतला. नियंत्रण सुटलेल्या विमानातून अमजद हुसेनला हवाई छत्रीच्या साहाय्याने उडी घ्यावी लागली. तो वाचला. देवय्या परतले नाहीत. त्यांचा देह मायभूमीला मिळाला नाही.

परक्याच्या पुस्तकातून

आदमपूरला उरलेली विमाने उतरली तेव्हा देवय्या यांचे काय झाले, हे कोणालाच सांगता येत नव्हते. ती झुंज एकाही सहकाऱ्याने पाहिली नव्हती. ते बेपत्ता म्हणून नोंदले गेले आणि पुढे मृत समजले गेले. घरच्यांना मिळाली ती अनिश्चितता. पती, पिता, पुत्र म्हणून ज्याची वाट पाहायची तो कसा गेला, लढता लढता गेला की विमानातील बिघाडाने गेला, हेही त्यांना ठाऊक नव्हते.

१९७९ मध्ये जॉन फ्रिकर या ब्रिटिश लेखकाचे १९६५ च्या हवाई युद्धावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. पाकिस्तानी वायुदलाने त्याच्यासाठी आपली दारे उघडली होती. साहजिकच पुस्तकाचा सूर पाकिस्तानच्या बाजूने होता. भारतीय वायुदलाचे गुणगान करण्यासाठी ते लिहिलेले नव्हते. त्याच पुस्तकात ७ सप्टेंबरला सरगोध्याजवळ एका मिस्टियरने स्टारफायटर पाडल्याची हकिकत आली. त्या पहाटेच्या हल्ल्यासाठी सरगोध्यावर गेलेल्या मिस्टियर विमानांपैकी एकच परतले नव्हते. तो अनामिक वैमानिक कोण, याचे उत्तर गणितातील बेरजेइतके सोपे होते.

आणि तरीही पुस्तकाच्या प्रकाशनापासून महावीरचक्रापर्यंत नऊ वर्षे जावी लागली. या काळात कोणा कार्यालयाने आपणहून धारिका उघडली नाही. ज्यांच्या नेतृत्वाखाली देवय्या लढले, त्या तनेजा यांनी आपल्या सहकाऱ्याच्या न्यायासाठी सरकारकडे पाठपुरावा केला, तेव्हा कोठे यंत्रणा हलली. तनेजा यांच्यासारखा कृतज्ञ नेता नसता, तर देवय्या आजही 'बेपत्ता' या रकान्यातच राहिले असते. वीराचा सन्मान अशा योगायोगांवर अवलंबून राहावा, ही राष्ट्राला भूषणावह गोष्ट खचित नाही.

येथे एक विरोधाभास ध्यानात घेण्याजोगा आहे. पाकिस्तान दरवर्षी याच ७ सप्टेंबरला आपला वायुदल दिन साजरा करतो. त्या देशातील शाळकरी मुलाला हा दिवस माहीत असतो. त्याच दिवशी, त्याच सरगोध्याच्या आकाशात, मोडक्या विमानाने त्यांच्या सर्वश्रेष्ठ विमानाला खाली पाडणाऱ्या भारतीय वीराचे नाव भारतातील किती शाळकरी मुलांना ठाऊक आहे? जिंकल्याचे ढोल कोणी किती पिटले, हा प्रश्न येथे गौण आहे. प्रश्न आहे तो आपल्या घरातले खरे सोने आपल्याला ओळखता न येण्याचा.

गुपित कोणापासून?

न्याय्य बोलायचे, तर १९६५ मध्ये देवय्या यांना पदक मिळाले नाही यात कोणाचा अपराध नव्हता. शौर्यपदक हे प्रत्यक्षदर्शींच्या साक्षीवर आणि वरिष्ठांच्या शिफारशीवर दिले जाते व तसेच दिले गेले पाहिजे. पुराव्याविना पदके वाटली, तर पदकांचे मोलच उरणार नाही. परंतु साक्षीदार नसणे वेगळे आणि साक्षीदार शोधण्याची इच्छाच नसणे वेगळे. युद्ध संपल्यावर आपल्या प्रत्येक बेपत्ता सैनिकाचा शेवटचा तास कसा गेला, शत्रूच्या नुकसानीच्या वार्ता आपल्या नोंदींशी कोठे जुळतात, याचा चिकाटीने छडा लावणे हे राज्यसंस्थेचे कर्तव्य आहे. ते पार पाडण्याऐवजी आपल्याकडे कागद बांधले जातात, त्यांवर 'गोपनीय' असा शिक्का बसतो आणि कपाटाला कुलूप लागते.

हे कुलूप राष्ट्राच्या सुरक्षिततेसाठी असते, असे सांगण्यात येते. देवय्या यांच्या प्रकरणाने या युक्तिवादातील हवाच काढून घेतली आहे. त्या झुंजीचा वृत्तांत शत्रूला पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. त्याचेच विमान पडले होते आणि त्याचाच वैमानिक जिवंत साक्षीदार होता. अज्ञानात राहिले ते फक्त भारतीय. जे वैऱ्याला माहीत आहे आणि आपल्या माणसांना माहीत नाही, त्याला गुपित म्हणत नाहीत. त्याला अनास्था म्हणतात.

ही अनास्था एका विमानापुरती नाही. १९६५ च्या युद्धाचा अधिकृत इतिहास संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाने १९९२ मध्ये सिद्ध केला. पण सर्वसामान्य वाचकाला तो दिसला २००० साली, आणि तोही एका वृत्तपत्राने आपल्या संकेतस्थळावर आणला म्हणून. त्या युद्धाच्या वेळी संरक्षणमंत्री असलेल्या यशवंतरावांच्या नोंदींवर आधारलेले राम प्रधान यांचे पुस्तक आले ते २००७ मध्ये. १९६५ च्या हवाई युद्धाचा भारतीय बाजूने तपशीलवार शोध घेणारा ग्रंथ २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. तो जगन मोहन आणि समीर चोप्रा या दोन अभ्यासकांनी स्वतःच्या प्रयत्नांनी लिहिला. १९६२ च्या पराभवाची मीमांसा करणारा हेंडरसन ब्रुक्स-भगत अहवाल १९६३ मध्ये तयार झाला. दिल्लीत अनेक पक्षांची सरकारे आली आणि गेली, तरी तो अधिकृतरीत्या जनतेपुढे ठेवण्यात आला नाही. म्हणजे हा दोष एका पक्षाच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही. स्वपक्ष-परपक्ष न पाहता त्याचा जाब विचारला पाहिजे.

अपवाद नव्हे, सवय

देवय्या यांना साक्षीदार नव्हता म्हणून उशीर झाला, असे कोणी म्हणेल. मग जेथे साक्षीदार होते तेथे काय घडले? १८ नोव्हेंबर १९६२ रोजी लडाखमधील रेझांगला येथे मेजर शैतानसिंह यांच्या नेतृत्वाखाली १३ कुमाऊँ पलटणीची चार्ली तुकडी चिनी सैन्याशी अखेरच्या गोळीपर्यंत लढली. शंभराहून अधिक जवान जागीच पडले. जे मोजके वाचून आले त्यांनी ही कथा सांगितली, तेव्हा तिच्यावर विश्वास ठेवायला लोक तयार नव्हते. हिवाळा सरत असताना एका मेंढपाळाला बर्फात गोठलेले देह दिसले. कोणाच्या हातात बंदूक तशीच होती, तर कोणाच्या हातात बाँब. मृतांनी साक्ष दिली, तेव्हा जिवंतांचे बोलणे खरे ठरले. मेजर शैतानसिंह यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले.

महाराष्ट्राने फार दूर पाहण्याचीही गरज नाही. सांगली जिल्ह्यातील पेठ गावचे मुरलीकांत पेटकर हे १९६५ च्या याच युद्धात शत्रूच्या गोळ्यांनी जायबंदी झाले आणि कायमचे अपंगत्व घेऊन परतले. अंथरुणाला खिळून दैवाला बोल लावण्याऐवजी ते पाण्यात उतरले. १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिकमध्ये पन्नास मीटर मुक्त शैलीच्या पोहण्यात त्यांनी विश्वविक्रमासह सुवर्णपदक पटकावले. पॅरालिम्पिकमधील ते भारताचे पहिले सुवर्णपदक. या पुरुषाला पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, म्हणजे सेहेचाळीस वर्षांनी! जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार तर २०२५ च्या जानेवारीत हाती आला. दरम्यानच्या काळात क्रिकेटच्या एका विजयावर या देशात काय काय उधळले गेले, याचा हिशेब ज्याने त्याने मनाशी करावा.

आता या दोघांवरही चित्रपट निघाले. पेटकरांवरचा २०२४ मध्ये, तर सरगोध्याच्या हल्ल्यावर बेतलेला २०२५ मध्ये. ते पाहून डोळे पाणावले असतील, तर चांगलेच आहे. परंतु दुसऱ्या चित्रपटात नायकाचे नाव बदललेले होते, हेही लक्षात ठेवावे. ज्या माणसाला स्वतःचे नाव मिळविण्यासाठी तेवीस वर्षे लागली, त्याची कथा पडद्यावर आली तीही वेगळ्या नावाने. राष्ट्राची स्मृती तिकीटबारीच्या हवाली करता येत नाही, ती याचसाठी.

दोष आणखी एका जागी आहे. शौर्याची कथा म्हटली की नाक मुरडणारा एक विद्वद्वर्ग आपल्याकडे आहे. युद्धाचे वर्णन म्हणजे युद्धखोरी, सैनिकाचा गौरव म्हणजे भावनिक भडकाऊपणा, असे त्याचे समीकरण ठरलेले असते. देवय्या यांनी कोणाचा द्वेष केला नव्हता. अंगावर आलेल्या आक्रमणाला त्यांनी आपल्या प्राणांनिशी उत्तर दिले. ते मुलांना सांगण्यात कसली आली युद्धखोरी? उलट, शांततेचे मोल कोणी चुकते केले आहे, हे ज्या पिढीला ठाऊक नसते, तिलाच युद्ध हा खेळ वाटतो.

कर्तव्य कोणाचे?

काही पावले योग्य दिशेने पडली आहेत, हे नमूद करणे आवश्यक आहे. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी दिल्लीत राष्ट्रीय युद्ध स्मारक राष्ट्राला अर्पण झाले. ज्या इंडिया गेटवर ब्रिटिश साम्राज्यासाठी लढलेल्यांची नावे कोरलेली आहेत, त्याच्या शेजारी स्वतंत्र भारतासाठी पडलेल्यांची नावे कोरली जाण्यास स्वातंत्र्यानंतर एकाहत्तर वर्षे जावी लागली. जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने युद्धेतिहासाविषयीचे धोरण जाहीर केले. त्यानुसार मोहीम संपल्यापासून पाच वर्षांत तिचा इतिहास संकलित व्हावा आणि कागदपत्रे सर्वसाधारणपणे पंचवीस वर्षांत खुली व्हावीत, असे ठरले. कारगिल युद्धानंतर के. सुब्रह्मण्यम समितीने युद्धेतिहास लिहिण्याची निकड मांडली होती. तिला धोरणाचे रूप मिळायला दोन दशके लागली.

धोरण कागदावर उत्तम आहे. पण कागदावरची उत्तम धोरणे कपाटात कशी निजतात, याचा अनुभव या देशाला नवा नाही. पंचवीस वर्षांचा नियम प्रामाणिकपणे पाळायचा, तर १९६२, १९६५ आणि १९७१ ची दप्तरे केव्हाच अभ्यासकांच्या मेजावर असायला हवीत. १९९९ च्या कारगिल मोहिमेनेही ही मर्यादा ओलांडली आहे. लोकप्रतिनिधींना हा प्रश्न विचारला गेला पाहिजे, आणि तो ठरावीक दिवशी देशभक्तीची गीते ऐकून घरी जाणाऱ्या नागरिकांनीच विचारला पाहिजे.

सारे काही शासनावर सोपवून मोकळे होण्याचे कारण नाही. वीरगळी राजाज्ञेने उभ्या राहिल्या नव्हत्या, गावाने उभ्या केल्या होत्या. सातारा जिल्ह्यातील आपशिंगे या गावाने आपल्या नावापुढे 'मिलिटरी' हा शब्द अभिमानाने मिरविला आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर, कोकण, मराठवाडा असा कोणताही भाग घ्या, जेथे सैन्यातून निवृत्त झालेला माणूस नाही असे मोठे गाव सापडणार नाही. १९६५ आणि १९७१ मध्ये लढलेली ती पिढी आता ऐंशीच्या घरात आहे, पुष्कळजण निघून गेले आहेत. त्यांच्या ट्रंकेत जुनी पत्रे आहेत, छायाचित्रे आहेत, आणि कोणी विचारलेच नाही म्हणून न सांगितलेल्या आठवणी आहेत. त्यांच्याजवळ बसून ते टिपून घेणे, सहकाऱ्यांची नावे, ठिकाणे, तारखा लिहून ठेवणे, यासाठी कोणत्याही मंत्रालयाची परवानगी लागत नाही. तालुक्यातील एखादे वाचनालय, शाळा वा तरुणांचे मंडळ हे काम एका उन्हाळी सुटीत करू शकेल. कोण जाणे, त्या ट्रंकेत आणखी एखाद्या देवय्याचा साक्षीदार निपचित पडून असेल!

आणि ७ सप्टेंबर ही तारीख प्रत्येक घरात माहीत असावी. त्या दिवशी मुलांना सांगावे, की कोडगूचा एक प्रशिक्षक होता. त्याचे नाव यादीत नव्हते, तरी तो गेला. त्याचे विमान मोडले होते, तरी तो वळला. त्याला पाहणारे कोणी नव्हते, तरी तो लढला. पदकाच्या आशेने लढणारा माणूस पाहणारे कोणी आहे की नाही, हे आधी बघतो. देवय्या यांनी ते बघितले नाही. त्यांचे कर्तव्य त्यांनी काही क्षणांत पुरे केले. त्यांना ओळखण्याचे आपले कर्तव्य पुरे व्हायला तेवीस वर्षे लागली, आणि ते अजून पुरते झालेले नाही.